मदत हवी आहे : सकाळी थंड इंजिन बंद पडतंय, हवा कमी पडते की जास्त होते?

मंडळी, गाडीतलं कळणाऱ्यांनी जरा इकडे बघा. गाडी २०११ ची पेट्रोल हॅचबॅक, इंजेक्शनवाली, पण थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) अजून केबलवर. दापोलीहून हर्णैला जाताना आत आमचं घर, गाडी रात्रभर फणसाखाली उघड्यावर. डिसेंबर लागल्यापासून रोज सकाळी नाटक. स्टार्टर मारला की लगेच पेटते, दोन सेकंद चालते, आरपीएमचा काटा ५०० च्या खाली येतो, थरथरते आणि गप्प. तीनचार वेळा असंच. पण सेल्फ मारतानाच अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकवला ना, अगदी चपलेचा अंगठा, की पहिल्या फटक्यात चालू आणि पाय असेपर्यंत चालू राहते. पाच मिनिटांनी पाय काढला तरी काही नाही, मग दिवसभर शहाण्यासारखी. बाजारात अर्धा तास उभी ठेवून परत मारली तरी तक्रार नाही.

आधी थंडीत चालू केली की काटा आपोआप १४००-१५०० वर जायचा आणि हळूहळू ८०० वर उतरायचा. तो प्रकारच बंद झालाय हे मला फार उशिरा लक्षात आलं.

खेडला एका मेस्त्रीकडे नेली. त्याने प्लग बदलले, एअर फिल्टर आपटून झटकला आणि शेवटी थ्रॉटलजवळचा एक स्क्रू फिरवून म्हणाला आता नाय बंद पडणार. खरंच पडत नाही. पण आता गरम झाल्यावरही ११०० वर घोंघों चालू असते आणि उतारावर पाय काढला तरी गाडी धरत नाही, सारखा ब्रेक. १२०० रुपये गेले ते वेगळेच.

आणि खरा गोंधळ पुढे आहे. आमचे अण्णा जुनी कार्बोरेटरवाली जीप चालवायचे, ते म्हणतात थंडीत चोक ओढायचा असतो, म्हणजे हवेचं तोंड बंद करायचं. आणि मी वाचलं की थंड इंजिनाला उलट जास्त हवा लागते, त्यासाठी कसलासा व्हॉल्व्ह उघडतो. मग हवा कमी करायची की वाढवायची? दोन्ही एकदम कसं खरं असेल?

प्रतिसाद १

दादा, दोन्ही खरं आहे आणि अण्णांचंही बरोबर आहे. दोन वेगळी कामं आहेत. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंब गार भिंतींना चिकटून राहतात, म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढवावं लागतं. एरवी एक भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा (वजनाने), थंडीत तेवढ्यावर भागत नाही. जीपचा चोक हवा दाबून हे करायचा. पण तो ओढला की बहुतेक कार्बोरेटरमध्ये एक कॅम खालचा थ्रॉटलही किंचित उघडून धरतो, ते वरून दिसत नाही. कारण दुसरं काम ते: ऑइल घट्ट, सगळं जड फिरतंय, मग नुसतं चालू राहायलाच एकूण मिश्रण जास्त लागतं. म्हणून रेस वाढलेली असायची.

तुमच्या गाडीत ही दोन कामं ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, वेगवेगळी करतो. इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवून पेट्रोल वाढवतो, आणि बटरफ्लाय (थ्रॉटलमधली फिरणारी चकती) बंद असताना तिला वळसा घालून जाणाऱ्या बारीक वाटेने हवा सोडतो. त्या वाटेवर आयडल व्हॉल्व्ह असतो, बहुतेकदा छोटी स्टेपर मोटर आणि पुढे शंकूसारखं टोक. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचा) सेन्सर सांगतो इंजिन किती गार आहे, तेवढं टोक मागे सरकतं. इंजिन तापत जातं तसं पुढे येतं. तुम्ही अंगठा टेकवून तेच काम हाताने, म्हणजे पायाने, करताय! पेट्रोल कमी पडत असतं तर नुसती बटरफ्लाय उघडून इतकी लगेच धरली नसती. माझा संशय व्हॉल्व्हवर, कार्बनने अडकलाय.

मेस्त्रीने बटरफ्लायच कायमची उघडी ठेवलीय. आता गरम इंजिनातही व्हॉल्व्ह पूर्ण बंद होऊनसुद्धा हवा जातेच, म्हणून ११०० आणि म्हणून उतारावर गाडी सुटते. काही गाड्यांत थ्रॉटलचा सेन्सरही गोंधळतो.

व्हॉल्व्ह काढायच्या आधी एक फुकटची तपासणी. ओबीडीचा डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावला की मोबाइलवर सेन्सरचे आकडे दिसतात तो) लावून सकाळी, सेल्फ न मारता, फक्त चावी ऑन करून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. रात्रभर उभी गाडी, दोन्ही आकडे जवळपास सारखेच हवेत. कूलंट ६०-७० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याचं कनेक्टर. खाऱ्या हवेत पिना हिरव्या पडतात.

प्रतिसाद २

अरे स्क्रू कित्याक फिरवलंस? आधी व्हॉल्व्ह साफ करूक सांग, मगे काय ता बघू. आणि उंदरान खयचो पाइप कुरतडलो नाय ना ता पण बघ, माझ्या गाडीत तीच भानगड होती. (फक्त फाटक्या पाइपाने चोरटी हवा आत येते, त्यात काटा बहुधा वर-खाली नाचतो. तुझा तसा नाचत नाय.)

मूळ धागाकर्ता

डोंगल शेजाऱ्याकडून आणला. सकाळी साडेसहा, कूलंट १४, हवा १३. सेन्सर निर्दोष सुटला. रविवारी व्हॉल्व्ह काढला, दोन स्क्रू होते, त्यातला एक गंजून बसलेला, त्यालाच तासभर. टोकावर काळी कडक खरवड, भाताच्या टोपाला करपून बसते ना तशी, आणि ज्या भोकात ते बसतं ते अर्धं बुजलेलं. थ्रॉटल क्लीनर कापडावर मारून आणि जुन्या टूथब्रशने काढलं, पण ते टोक बोटाने दाबायला घेतलं आणि भाऊ ओरडला म्हणून थांबलो. दाबायचं असतं का नसतं?

आता थंड असताना काटा १६०० ला, गरम झाल्यावर तेच ११००. म्हणजे व्हॉल्व्ह जिवंत आहे. पण तो स्क्रू किती मागे घ्यायचा, मेस्त्रीने खूण केलेली नाही.

प्रतिसाद १

भाऊ बरोबर ओरडला, जोराने दाबलं की आतली मोटर जाते. स्क्रू अंदाजाने फिरवू नका, त्यात आणखी बिघडेल. तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये थ्रॉटल बंद असताना त्याच्या सेन्सरचा व्होल्टेज किती हवा ते दिलेलं असतं. तो मल्टिमीटरने बघत पाव-पाव फेरा मागे घ्या, बटरफ्लाय अडकणार नाही एवढंच बघायचं. मग बॅटरीची निगेटिव्ह पंधरा मिनिटं काढून परत लावा, एसी बंद ठेवून दहा मिनिटं नुसती चालू ठेवा, बऱ्याच गाड्यांत ईसीयू नवी जागा तेवढ्यात शिकतो.

मूळ धागाकर्ता

केलं. तीन पाव फेरे मागे. आज सकाळी १४५०, अंगणातून रस्त्याला लागेपर्यंत ९००, घाटात धरते. अण्णा शेजारी बसून डॅशबोर्डखाली चोक शोधत होते.