ओरिजिनमधला आलेख ९० मिमी कॉलममध्ये वाचता येत नाही

सागरमाळ_७
झिंक ऑक्साइडच्या चार थिन फिल्म (पातळ थर) आहेत, ३००, ३५०, ४०० आणि ४५० अंश सेल्सिअसला अ‍ॅनील केलेल्या (तापवून थंड केलेल्या). यूव्ही-व्हिजचा (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो त्याचा) डेटा ओरिजिन या आलेख काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) एक्स्पोर्ट केला. स्क्रीनवर झकास दिसतोय, पण जर्नलच्या ९० मिमी कॉलममध्ये आकडे मुंगीएवढे होतात आणि रेषा एकमेकींत मिसळतात. रिव्ह्यूअरनं नुसतं 'आकृती सुधारा' लिहिलंय. डीपीआय १२०० करू का? शिवाजी विद्यापीठातलं कोणी असेल तर सांगा की.

पंचगंगा
डीपीआय वाढवून काही होणार नाही, दुखणं मापाचं आहे. पान २७० मिमी रुंद असेल आणि छापताना ९० झालं, तर १८ पॉइंटचं अक्षर ६ चं होतं, १.५ ची रेघ ०.५ ची. म्हणून पानच खऱ्या मापाचं करा. प्लॉट डिटेल्स उघडा, डावीकडे सगळ्यात वरचं ग्राफचं नाव निवडा, प्रिंट/डायमेन्शन्समध्ये एकक मिमी, रुंदी ९०, उंची साधारण ६८. मग लेयरच्या साइझ टॅबमध्ये फिक्स्ड फॅक्टर १. हे करायचं राहिलं की तुम्ही ८ पॉइंट टाइप करता आणि लेयरचा आकार बदलला की ओरिजिन ते परस्पर लहानमोठं करतं. बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं.

अक्षांची नावं ८ पॉइंट, आकडे ७, डेटाची रेघ १, अक्ष ०.७५. पीडीएफ चालत असेल तर पीडीएफच. टिफ मागितलं तर १००० डीपीआय, म्हणजे रुंदी ३५४३ पिक्सेल. जेपीईजी नको, रेघांच्या कडेला डाग पडतात.

महाद्वार_रोड
माप झालं तरी चार रेषा मिसळणारच. लाल-हिरवी जोडी टाळा, काहींना ती वेगळी दिसत नाही. निळा (०, ११४, १७८), शेंदरी (२१३, ९४, ०), हिरवट (०, १५८, ११५) आणि काळा घ्या. शिवाय सलग, तुटक, ठिपक्यांची असे प्रकार बदला, म्हणजे झेरॉक्समध्येही ओळखू येतील. चिन्हं हवीच असतील तर स्किप पॉइंट्स (मधली चिन्हं गाळणारा पर्याय) वापरा, नाहीतर नुसती जाड माळ दिसते.

काचेवरच्या फिल्म असतील तर आलेख ३३० नॅनोमीटरपासून सुरू करा. त्याखाली काच स्वतःच प्रकाश शोषते. रेषा सुट्या दिसाव्यात म्हणून वर-खाली सरकवू नका. एक्सआरडीत (क्ष-किरणांच्या मापनात) ते चालतं, तिथं तीव्रता 'ए.यू.'मध्ये, म्हणजे ठरावीक नसलेल्या एककात असते. इथं अ‍ॅब्सॉर्बन्सच्या (प्रकाश किती शोषला त्याच्या) आकड्यालाच अर्थ आहे. त्यापेक्षा ३६० ते ४०० नॅनोमीटरचा इन्सेट (आत छोटा आलेख) द्या, शोषणाची कड किती सरकली ते त्यातच दिसेल. आणि कनेक्टमध्ये स्ट्रेट ठेवा भावा. स्प्लाइन दोन बिंदूंमध्ये नसलेला उंचवटा काढून ठेवतं.

सागरमाळ_७
माप केलं, टिफ स्पष्ट आहे. वर्डमध्ये टाकलं की परत धूसर.

पंचगंगा
वर्ड चित्र दाबतं. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर टिक करा आणि चित्र नव्यानं घाला; आधीचं दाबलेलं सुधारत नाही. जर्नलला मात्र आकृतीची फाइल वेगळीच अपलोड करा.

राजारामपुरी_९
ओरिजिनचं लायसन्स नसलेल्यांसाठी: मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनची आलेख काढायची लायब्ररी) रुंदी इंचात द्यावी लागते, ९० मिमी म्हणजे ३.५४. सेव्ह करताना 'टाइट' पर्याय लावू नका, तो कडा कापून रुंदी बदलतो आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याऐवजी कन्स्ट्रेन्ड लेआउट. पीडीएफचा फॉन्टटाइप (फाइलमध्ये फॉन्ट बसवायचा प्रकार) ४२ ठेवा. मुळातला टाइप ३ काही जर्नलच्या सिस्टीम परत पाठवतात.