18 क्रेडिटची मर्यादा असताना 21 मागावेत का?

प्रश्न
माझं पाचवं सेमिस्टर सुरू होतंय. मर्यादा 18 क्रेडिटची आहे, मला 21 घ्यायचेत. तिसऱ्या सेमिस्टरला आजारपणात 3 क्रेडिटचं संख्याशास्त्र सोडावं लागलं, आणि ते वर्षातून एकदाच शिकवतात. आता राहिलं तर त्यावर आधारलेला पुढचा विषयही अडतो. पदवी वर्षभर लांबेल. विभागात विचारलं तर "नियमात बसत नाही" एवढंच म्हणाले. अर्ज करू का?

उत्तर
करता येतो, पण आधी तास मोज. अमेरिकी पद्धतीत एका क्रेडिटमागे आठवड्याला एक तास वर्गात आणि निदान दोन तास स्वतःचा अभ्यास धरतात. म्हणजे 18 चे 54 तास, 21 चे 63. मी 21 घेतले होते. मार्क चांगले होते, सल्लागार सरांनी सही दिली. पहिले पाच आठवडे खरंच जमलं. सहाव्यात दोन चाचण्या आणि तीन सबमिशनं एकत्र आली, तेव्हा एक विषय सोडायला गेले तर मुदत उलटून गेलेली. तो विषय नापास म्हणून गुणपत्रिकेवर राहिला, आणि मला फार लागलं ते.
प्रॅक्टिकल असेल तर आणखी जपून. एका क्रेडिटसाठी दोन-तीन तास प्रयोगशाळेत जातात, वर जर्नल लिहायचं ते वेगळंच.

उत्तर
युरोपात क्रेडिटचं माप वेगळं: वर्षाला 60 क्रेडिट, प्रत्येकी 25 ते 30 तासांचं काम, असा हिशेब आहे. म्हणजे वर्षाचे 1500 ते 1800 तास. मर्यादा काय उगाच नाही. पण तुझं कारण खरं आहे. अर्जात "मला झेपेल" असं लिहू नकोस. कुठला विषय कशावर अडतो आणि तो पुन्हा कधी शिकवतात, ते लिही. आजारपणाचा दाखला जोड.

प्रश्नकर्ती
ताई, तुमचं वाचून यादी पुन्हा काढली. त्यात 4 क्रेडिटचा प्रयोगशाळेचा विषय आहे, तो दर सेमिस्टरला असतो! तो सहाव्यात नेला तर संख्याशास्त्र धरून 17 होतात. अर्जच नको. हे मला विभागात कुणी सांगितलं कसं नाही?

उत्तर
सहाव्या सेमिस्टरची बेरीज आजच करून बघ. आणि विषय सोडायची शेवटची तारीख आत्ताच लिहून ठेव.