शिस्तीपेक्षा सोबत कमी पडते
घरून शिकणं जमतं का, या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की वर्गात बसल्याशिवाय शिस्त लागत नाही. माझा अनुभव उलटा आहे. पहिली पदवी कॉलेजात जाऊन घेतली, दुसरी नोकरी सांभाळत घरून. शिस्त दुसऱ्या वेळीच लागली, कारण मागे लागणारं कोणी नव्हतं. अडलं ते भलतीकडेच. संख्याशास्त्राच्या एका प्रकरणात तीन आठवडे रुतून बसलो आणि हे फक्त आपल्यालाच कळत नाहीये अशी खात्री होऊन बसली. वर्गात मागच्या बाकावरून कोणीतरी "सर, परत एकदा" म्हणतो आणि दहा जणांचा जीव भांड्यात पडतो. घरी तो मागचा बाकच नसतो.

ही अडचण नवी नाही म्हणा. लंडन विद्यापीठाने १८५८ पासून कॉलेजात न जाणाऱ्या, बाहेरच्या विद्यार्थ्यांना परीक्षेला बसू दिलं, पण अभ्यास ज्याचा त्याने करायचा. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये शिकवायला सुरुवात केली ती टीव्ही-रेडिओवरच्या व्याख्यानांच्या जोडीला ट्यूटर आणि उन्हाळी निवासी वर्ग ठेवून. त्यामुळे कोर्स घेताना व्हिडिओ किती तास आहेत यापेक्षा, स्वाध्याय तपासून त्यावर शेरा लिहिणारा माणूस आहे का, हे आधी विचारा. माझ्या कोर्सला नव्हता.