शहरातल्या बागांमधले हिवाळी पाहुणे

हिवाळी स्थलांतरित पक्षी पाहायचे तर उजनी धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या भिगवणलाच जायला हवे, असे एक मत आहे; ते रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस) यांच्यापुरते योग्य आहे. परंतु झाडाझुडपांत वावरणारे कितीतरी पाहुणे पुण्याच्या एम्प्रेस गार्डनसारख्या जुन्या बागेतही उतरतात. डिसेंबर-जानेवारीत अगदी झुंजुमुंजू असताना पोहोचण्याची घाई मात्र नसावी, कारण थंडीत कीटक उशिरा हालचाल करू लागतात आणि त्यांच्यावर जगणारे वटवटे व माशीमार झाडांच्या शेंड्यांवर ऊन आल्यानंतरच नीट दिसू लागतात. हिरवट वटवट्या क्षणभरही स्थिर बसत नाही, त्यामुळे तो आधी आवाजावरून ओळखायला शिकावे. पाण्याच्या कडेला करडा धोबी आणि उघड्या जागेत शेपूट थरथरवणारा कृष्ण थिरथिरा नवशिक्यांनाही सहज सापडतात. काटेसावर फुलली की भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवेही येतात.

कस्तुर (थ्रश) या पक्ष्याचे तसे नाही. तो पालापाचोळा उलथून किडे शोधतो, त्यामुळे स्वच्छतेच्या नावाखाली जिथे रोज पाचोळा झाडून जाळला जातो, तिथे त्याला खायला काही उरत नाही. आपापल्या बागेच्या व्यवस्थापनाला निदान एक कोपरा न झाडता ठेवण्याची लेखी विनंती आपण सर्वांनी करावी, असे मला मनापासून वाटते.