नेपल्सने दिएगोला दिलेला निरोप

अर्जेंटिना रडली ते समजतं, पण फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना गेल्यावर इटलीतल्या एका शहराने, नेपल्सने, एवढा टाहो का फोडावा, असं तुम्ही विचारलंय. मला तर नेपल्सचाच शोक जास्त भिडला.

१९८४ मध्ये तो बार्सिलोना सोडून नापोली या नेपल्सच्या फुटबॉल क्लबमध्ये आला, तेव्हा या क्लबने एकदाही इटलीची लीग जिंकली नव्हती. उत्तर इटलीतल्या मैदानांवर दक्षिणेतल्या नेपल्सकरांना 'आधी अंघोळ करा' असे फलक दाखवले जात. नापोलीकडून तो १९८७ आणि १९९० ची लीग जिंकला, मधे १९८९ चा यूईएफए कप ही युरोपातल्या क्लबांची स्पर्धाही.

पण मला सगळ्यात मोठा वाटतो तो नेपल्सजवळच्या आचेर्रा गावातला सामना. एका आजारी मुलाच्या उपचारासाठी पैसे उभे करायचे होते, क्लबचा विरोध होता, तरी हा गेला. त्याचं चित्रण जरूर बघा. उभ्या गाड्यांच्या मधे वॉर्मअप, मग घोट्याएवढ्या चिखलात खेळ, आणि तोही जीव तोडून! जगातला सर्वोत्तम खेळाडू होता हो तो तेव्हा.

म्हणून २५ नोव्हेंबर २०२० ला त्याच्या निधनाची बातमी येताच, कोविडचे निर्बंध असूनही, लोक नापोलीच्या सान पाओलो स्टेडियमबाहेर जमले. कुंपणाला स्कार्फ, जर्सी, खाली मेणबत्त्या. दुसऱ्या दिवशी क्रोएशियाच्या रियेका क्लबविरुद्ध सामना होता. नापोलीचे सगळे खेळाडू पाठीवर मॅराडोनाचं नाव आणि त्याचा १० नंबर घालून मैदानात उतरले. हा नंबर क्लबने २००० सालीच निवृत्त केला होता, म्हणजे पुढे कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं होतं. स्टेडियमला त्याचं नाव डिसेंबरच्या सुरुवातीलाच दिलं गेलं, तेही योग्यच झालं.