न्यू फ्रान्सचा गव्हर्नर: कारभारी की नुसता मानकरी?

बखरवाला
१६६३ मध्ये चौदाव्या लुईने न्यू फ्रान्स (आजचं क्वेबेक आणि आसपासचा मुलूख) व्यापारी कंपनीकडून काढून स्वतःच्या ताब्यात घेतलं. तेव्हापासून तिथे राजाचा गव्हर्नर. पण माझ्या मते हा माणूस नुसता मिरवायचा. फौज आणि मानपान त्याचं. तिजोरी, न्याय, पोलीस इंटेंडंटकडे, म्हणजे राजाने नेमलेल्या मुलकी कारभाऱ्याकडे. १६८५ ला सैनिकांच्या पगाराला नाणी उरली नाहीत, तेव्हा इंटेंडंट द म्यूलने खेळायच्या पत्त्यांवर सही करून तेच चलन म्हणून चालवले. पत्ते! राज्य कोण हाकत होतं, सांगा आता.

दर्यावर्दी
साफ असहमत. इरोक्वांशी (तिथल्या मूळ रहिवासी जमातींचा एक बलाढ्य संघ) वर्षानुवर्षं लढाया चालू असताना फौज ज्याच्याकडे तोच धनी. शिवाय मूळ रहिवासी जमातींशी बोलणी गव्हर्नरच करायचा. गव्हर्नर कुणीही असो, ते त्याला 'ओनोन्तिओ' म्हणत, म्हणजे मोठा डोंगर. (पहिला गव्हर्नर मोंमान्यी, त्याच्या नावाचं हे भाषांतर. पुढे पदालाच चिकटलं.) १७०१ चा मॉन्ट्रियलचा तह, सुमारे ४० जमाती, गव्हर्नर कालिएरने घडवला. हे काम हिशेबाच्या वह्यांनी होत नसतं.

बखरवाला
त्या जमातींना द्यायच्या नजराण्यांचे पैसे कुणाच्या हातात होते? इंटेंडंटच्याच! आणि गव्हर्नर फ्राँतनाकने १६७२ मध्ये क्वेबेकात फ्रान्ससारखी तीन वर्गांची (पाद्री, सरदार, सामान्य) सभा भरवली, तर राजाचा मंत्री कोलबेअरने पॅरिसहून कान उपटले. शेवटी १६८२ ला तो आणि इंटेंडंट द्युशेनो, दोघांनाही भांडणापायी माघारी बोलावलं.

काठावरचा
राजाला ही भांडणं हवीच असावीत. हिवाळ्यात सेंट लॉरेन्स नदी गोठायची, पॅरिसचा जाब वर्षातून एकदा. एकट्याच्या हाती सगळं दिलं तर तो डोईजड होणारच. दोघं एकमेकांच्या चहाड्या लिहून पाठवतात, राजाला घरबसल्या बातमी.

दर्यावर्दी
हे पटलं. पण १६८९ मध्ये संकट आल्यावर परत धाडला कोण? फ्राँतनाकच. पुढच्याच वर्षी इंग्रजांचा सेनानी फिप्स क्वेबेकची शरणागती मागायला आला, तर त्याला उत्तर तोफांनी मिळालं.

बखरवाला
आणि बिगो? या इंटेंडंटने सगळी वसाहत लुटली, गव्हर्नर वोद्रय काही करू शकला नाही. पुढे फ्रान्समध्ये दोघांवरही खटला चालला. बिगो हद्दपार, वोद्रय निर्दोष सुटला.

दर्यावर्दी
१७६० ला मॉन्ट्रियल इंग्रजांच्या हवाली करताना सही मात्र वोद्रयचीच लागली. तेव्हा इंटेंडंटचे पत्ते नाही चालले.