हायड्रोजनवरची एकच कचरागाडी, तीही भाड्याने: चाचणी कशी घ्यावी?

रात्रपाळी_डेपो: आमच्या विभागाला हायड्रोजनवर चालणारी एकच कॉम्पॅक्टर (कचरा दाबून भरणारी) गाडी सहा महिने भाड्याने घेण्यापुरता निधी मंजूर झाला आहे, इंधन केंद्रासाठी तरतूद नाही. गाडी कोणत्या फेरीवर लावावी आणि कोणत्या नोंदी ठेवाव्यात?

विजेरी_चाके: हायड्रोजनचा विचार सोडून बॅटरीची गाडी घ्यावी. आमच्या गाडीने दोन वर्षांत एकही फेरी चुकवलेली नाही. १ किलो हायड्रोजन पाण्यापासून बनवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते आणि गाडीतल्या फ्युएल सेलमधून (हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या संचातून) त्यातली साधारण १७ युनिटच परत मिळतात.

सूर्यपंखी: वीज सौर असेल तर हा हिशेब गौण ठरतो. डेपोतच इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यापासून हायड्रोजन बनवणारे यंत्र) आणि ३५० बार दाबाने हायड्रोजन भरणारा पंप बसवून घ्यावा. आम्हीही तेच केले.

रात्रपाळी_डेपो: केंद्रासाठी निधी नाही, हे मी वर लिहिले आहे.

जुना_फिटर: आमच्या चाचणीत गाडी उत्तम चालली, परंतु परिसरातला एकमेव पंप बंद पडल्यामुळे ती नऊ दिवस उभी राहिली आणि कचरा मात्र रोज साठत गेला. डिझेलची एक गाडी राखीव ठेवा आणि पहिले दोन महिने पंपाजवळच्या छोट्या फेरीवरच काम करा.

धूरमापक: छोट्या फेरीचा सल्ला मलाही पटतो. मात्र हायड्रोजन कशापासून बनला, हे पुरवठादाराकडून लेखी घ्या. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन बनवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तेवढीच ऊर्जा देणारे सुमारे ३.३ लिटर डिझेल जाळल्यावरही जवळपास ९ किलोच पडतो. म्हणजे गाडीमागे नुसती वाफ दिसली तरी बचत होते ती फ्युएल सेलच्या जादा कार्यक्षमतेपुरतीच.

विजेरी_चाके: म्हणूनच मी बॅटरी सुचवली होती.

सूर्यपंखी: युरोपात ॲबरडीन, ग्रोनिंगेन, ड्युइसबुर्ग या शहरांतही ‘हेक्टर’ या हायड्रोजन कचरागाड्यांच्या प्रकल्पातून अशा गाड्यांची चाचणी झाली आहे, तेथील लोकांना बॅटरी ठाऊक नव्हती असे नाही.

जुना_फिटर: नोंदींचे राहूनच गेले. प्रति किलोमीटर खप एवढ्यावर थांबू नका, कारण गाडी दारोदारी थांबते आणि कचरा दाबणारा हायड्रॉलिक पंप उभ्या गाडीतही ऊर्जा खातो. प्रति टन कचरा किती किलो हायड्रोजन लागला, हे लिहा.

रात्रपाळी_डेपो: प्रति टन नोंद, राखीव डिझेल गाडी आणि लेखी स्रोत या तीन गोष्टी करारातच घालतो. छोट्या फेरीविषयी मात्र मी आपणा सर्वांशी असहमत आहे. गाडी पहिल्या दिवसापासून सर्वांत लांबच्या, चढाच्या फेरीवर लावणार आहे, कारण छोट्या फेऱ्या बॅटरीवर भागतील आणि हायड्रोजनची गरज असलीच तर ती त्याच फेरीवर आहे.